कार्डाच्या मागच्या बाजूला कोणाचे शब्द?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना वॉर्डात एक आज्जी दाखल झाली होती. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूची. अंगात ताप होता. मी नाव-गाव लिहून घेत होते आणि ती मला सांगत होती, "बाय, तीन दिस झाले, उन्हाळी लागलीया बघ." मी मान डोलावली. उन्हाळी लागणे म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या घरी कुणाला लघवीला जळजळ झाली की आई रात्री धने भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून द्यायची. त्यामुळे ते घरचं दुखणं, दवाखान्यातल्या कागदावर लिहायचं नव्हे, असं माझ्या मनात न सांगता बसलेलं होतं. मी कागदावर फक्त ताप लिहिला.

दुसऱ्या दिवशी आज्जीला हुडहुडी भरली, कमरेत कळा सुरू झाल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. राउंडवर डॉक्टरांनी विचारलं, "डिस्युरिया किती दिवसांपासून?" आणि मी ठामपणे सांगितलं, "नाही सर, तशी काही तक्रार नव्हती." त्याच आठवड्यात वैद्यकीय संज्ञांच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण पडले होते. त्या चाचणीत डिस्युरिया होता. मी त्याचा अर्थ, लघवी करताना होणारी जळजळ, इंग्रजीत, पुस्तकातल्या शब्दांत, स्वल्पविरामासकट लिहिला होता.

आज्जी बरी झाली. पण दोन्ही शब्द येत असूनही ते माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटले नाहीत, ही गोष्ट मी आजवर विसरलेली नाही. आता गेली अठरा वर्षं मी बेळगावात नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि संज्ञा शिकवण्याच्या पद्धतीबद्दल माझं जे म्हणणं आहे ते सगळं त्या एका कागदापासून सुरू होतं.

हल्ली फ्लॅश कार्डांची चलती आहे. एका बाजूला संज्ञा, उलटलं की अर्थ. मुली बसमध्ये, मेसच्या रांगेत, मोबाईलवर कार्डं सरकवत असतात. छापील संच मिळतात, ॲपवर हजारो कार्डांचे तयार गठ्ठे फुकट उतरवून घेता येतात. मला ही पद्धत मनापासून पटते आणि आमच्या भागातल्या प्रत्येक नर्सिंग आणि मेडिकल कॉलेजात ती रीतसर वापरावी असं मला वाटतं. माझी तक्रार आहे ती कार्डाच्या मागच्या बाजूबद्दल. तिथं इंग्रजी संज्ञेचा इंग्रजीच अर्थ छापलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात, जिथं रुग्ण मराठीत नाहीतर कानडीत कण्हतो, तिथं असं कार्ड अर्धंच शिकवतं.

कार्डं का चालतात ते आधी सांगते, कारण अजूनही काही ज्येष्ठ सहकारी याला पोरखेळ समजतात. आपल्याकडे संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, श्लोक. रोज तेच, पुन्हा पुन्हा. त्या पद्धतीने दोन पिढ्यांचे हिशेब पक्के केले. पण तिच्यात एक उणीव होती, आणि ती ज्याने पाढे म्हटलेत त्याला माहीत आहे. ओळीने म्हटलं की सगळं येतं, मधूनच "सात आठे किती?" असं कुणी विचारलं की मनातल्या मनात सात एके सातपासून चढत यावं लागतं. वॉर्डात रुग्ण ओळीने येत नाहीत. कार्डं पिसली की ती ओळ मोडते आणि प्रत्येक संज्ञा एकटी समोर उभी राहते. त्यात आणखी एक गोष्ट होते. कार्ड उलटण्याआधी उत्तर स्वतःच्या डोक्यातून ओढून काढावं लागतं, आणि खरी मशागत त्या ओढण्यातच होते.

ही नुसती माझी समजूत नाही. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळाने किती विसरले जातात हे मोजलं आणि १८८५ साली मांडलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटतं, नंतर गळती मंदावते. म्हणून उजळणी लवकर सुरू करायची आणि मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं. २००८ साली अमेरिकेत कार्पिक आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतल्या शब्दांच्या ४० जोड्या दिल्या. शब्द एकदा आला म्हणून ज्यांनी तो पुन्हा स्वतःला विचारायचं सोडलं, त्यांना आठवड्याने जेमतेम तिसरा हिस्सा आठवला. ज्यांनी विचारणं चालू ठेवलं त्यांना ८० टक्क्यांच्या आसपास आठवला. नुसतं पुन्हा पुन्हा वाचल्याने फारसा फरक पडला नाही. आमच्या मुली रात्रभर जागून जे करतात ते नेमकं हेच पुन्हा पुन्हा वाचणं, रंगीत पेनाने ओळी रंगवणं.

कार्डं कोणत्या दिवशी कोणती बघायची यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ साली कप्प्यांच्या खोक्याची युक्ती सांगितली. माझ्या वर्गात ती कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईच्या, खोक्यात चालते. बेळगावात कुंद्याचे रिकामे खोके काही कमी नाहीत. आत पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या उभ्या केल्या की पाच कप्पे. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका. त्यांचा कागद जाड असतो, मागची बाजू बहुधा कोरी, एका पत्रिकेत चार कार्डं निघतात. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. चुकलं की ते कार्ड कितव्याही कप्प्यात असो, पुन्हा पहिल्या कप्प्यात. पाच रुपयेसुद्धा खर्च नाही. मोबाईलवरचं ॲप हेच गणित स्वतः करतं आणि ज्यांना ते सोयीचं त्यांनी ते खुशाल वापरावं. पण पहिली दोनशे कार्डं हाताने लिहा, असा माझा आग्रह असतो. दुसऱ्या कुणी केलेला वीस हजार कार्डांचा गठ्ठा उतरवून घेतला तर उजळणी साठत जाते आणि मुलगी तिसऱ्या आठवड्यात ते बंद करते. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता सुरुवातीलाच सांगून टाकते.

आता मागच्या बाजूकडे येते.

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली दहावीपर्यंत मराठी किंवा कानडी माध्यमात शिकलेल्या असतात. त्यांना यकृत माहीत असतं, मूत्रपिंड माहीत असतं. अकरावीत अचानक किडनी येते, नर्सिंगला आल्यावर रीनल येतं, आणि पुढच्याच पानावर नेफ्रायटिसमधलं (मूत्रपिंडाचा दाह) नेफ्रो. एकाच अवयवाची चार नावं. कुणी त्यांना सांगत नाही की रीनल लॅटिनमधून आलं आणि नेफ्रो ग्रीकमधून, की अवयवाच्या रचनेची नावं बहुधा लॅटिनकडे झुकतात आणि आजारांची व शस्त्रक्रियांची ग्रीककडे. म्हणून फुप्फुसाच्या धमनीला पल्मनरी म्हणतात आणि फुप्फुसाच्या आजाराला न्यूमोनिया. त्वचेचं तेच, गर्भाशयाचं तेच. हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते. न कळलं तर मुलगी चारही शब्द चार स्वतंत्र दगडांसारखे उचलत बसते.

आणि इथंच मराठी आणि कानडी मुलींच्या हातात एक किल्ली आहे, जी आपण त्यांना देतच नाही. ग्रीक आणि लॅटिन या संस्कृतच्या दूरच्या बहिणी आहेत. संस्कृतातून आलेले शब्द मराठीत तर आहेतच, कानडीतही भरपूर आहेत. डिस्पेप्सिया हा शब्द फळ्यावर लिहून मी विचारते, यात ओळखीचं काय दिसतं? कुणालाच काही दिसत नाही. मग तो फोडून दाखवते. डिस म्हणजे आपला दुस्, दुर्जन-दुष्काळातला. पेप्सिस म्हणजे शिजणं, पचणं. आपला पच् धातू तोच. डिस्पेप्सिया म्हणजे दुष्पचन, तुकड्याला तुकडा जुळतो. ऑस्टिऑन आणि अस्थि, हेपार आणि यकृत, एंटेरॉन आणि आंत्र, डेन्स आणि दंत, जेनू आणि जानु, ही सगळी एका घरची भावंडं. ॲनिमियाच्या सुरुवातीचा अन् म्हणजे आपल्या अनादि-अनंतातला अन्. हायपर म्हणजे उपरि, वरचा. हायपो म्हणजे उप, खालचा. हायपो-हायपरचा गोंधळ ही साधी गोष्ट नाही. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हायपोत, म्हणजे रक्तातली साखर उतरल्यावर, साखर द्यायची असते आणि हायपरमध्ये, म्हणजे ती चढल्यावर, इन्सुलिन, म्हणजे बरोबर उलटा उपचार. मी मुलींना सांगते, आपल्या महानगरपालिकेत महापौराच्या खाली कोण? उपमहापौर. खालचा तो उप, खालचा तो हायपो. त्यानंतर ती जोडी कुणी चुकवल्याचं मला आठवत नाही.

तर कार्डाच्या मागे पहिली ओळ ही असावी: शब्दाचे तुकडे, आणि त्या तुकड्यांचं आपल्या भाषेतलं नातं. जिथं नातं आहे तिथंच. ओढूनताणून व्युत्पत्त्या लावायच्या नाहीत. ओढलेली व्युत्पत्ती आज आठवण म्हणून चालते आणि उद्या चुकीचं ज्ञान होऊन बसते.

दुसरी ओळ माझ्या मते याहून मोलाची: रुग्ण हे कोणत्या शब्दांत सांगतो. डिस्युरियाच्या मागे मी लिहिलंय, "उन्हाळी लागली. लघवीला आग होतेय." आणि त्याखाली कानडी, उरिमूत्र. गंमत बघा, कानडी शब्द सरळ आहे. उरि म्हणजे आग. त्या दिवशी माझ्या जागी गोकाकची मुलगी असती आणि आज्जी कानडी बोलणारी असती, तर तो शब्द कागदावर उतरण्याची शक्यता अधिक होती. धाप लागणे, दम लागणे, कानडीत उब्बस. छातीत दुखण्याला एदे नोवु, पोटदुखीला होट्टे नोवु. मधुमेहाला सक्करे कायिले, अक्षरशः साखरेचा आजार. काविळीला कामाले, ज्यात आयुर्वेदातला कामला सरळ दिसतो. मूत्रपिंड आणि हृदय हे शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच. फुप्फुसाला कानडी पुस्तकात श्वासकोश म्हणतात, आणि हा शब्द मराठी मुलीला पहिल्या ऐकण्यात कळतो.

सारखेपणा जिथं फसवतो तेही कार्डावर हवं. मराठी रुग्ण म्हणतो, "काल दुखत होतं." कानडी घरातली मुलगी पायाकडे बघते, कारण तिच्या भाषेत कालु म्हणजे पाय. हे कार्ड मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात काढते. आणि बेळगावची बोली वेगळी विसरायची नाही. पुस्तकी मराठी शिकलेल्या बाहेरच्या मुलीला "पोटात दुखुलालंय" हे कळायला वेळ लागतो. आमच्याकडे तर रुग्ण असंच बोलणार.

पण रुग्णाचा शब्द आणि पुस्तकातली संज्ञा नेहमी एकास एक जुळत नाहीत, आणि या कामातला सगळ्यात कसदार भाग हाच आहे असं मला वाटतं. "चक्कर येते" म्हणजे काय? भोवतालचं घर फिरल्यासारखं वाटतं की डोळ्यांपुढे अंधारी येते? पहिलं बहुधा कानाशी, तोलाशी संबंधित, दुसरं रक्तदाबाशी, अशक्तपणाशी. मराठीत दोन्हीला चक्कर म्हणतात, कानडीत दोन्हीला तलेसुत्तु. रुग्ण "मला दमा आहे" म्हणतो तेव्हा त्याला अनेकदा एवढंच म्हणायचं असतं की जिना चढताना धाप लागते. तो दमा असेल, हृदयाचा आजार असेल किंवा नुसता ॲनिमिया. "अंगावरून जातंय" म्हणणारी बाई पांढरं म्हणतेय की लाल, हे तिला हळू आवाजात, पडद्याआड विचारावं लागतं. आणि "जीव घाबरा होतोय". या तीन शब्दांत धडधड येते, भीती येते, साखर उतरल्याचा घाम येतो आणि हृदयविकाराचा झटकाही येतो.

म्हणून मी उलटी कार्डं करून घेते. पुढच्या बाजूला रुग्णाचं वाक्य, मागच्या बाजूला संज्ञा नव्हे, पुढचे प्रश्न. "जीव घाबरा होतोय" याच्या मागे: छातीत दुखतंय का? घाम सुटलाय का? सकाळपासून खाल्लंय का? साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का? ठोके किती? असं कार्ड बाजारातल्या कोणत्याही संचात मला मिळालेलं नाही, आणि ते दूरच्या शहरात बसून कुणाला करताही येणार नाही. ते इथंच व्हायला हवं.

यावर मला जे आक्षेप ऐकायला मिळतात त्यातला पहिला असा: परीक्षा इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, मग मुलींच्या डोक्यात भाषांतराचं ओझं कशाला? इंग्रजी थेट शिकू देत. यात तथ्य आहे, आणि परीक्षेची भाषा बदला असं माझं म्हणणं नाहीच. मुलींना इंग्रजी उत्तम यायला हवी, नोकरी पुण्यात लागो की आखातात. पण आधार काही कायमचा राहत नाही. पन्नासदा कार्ड उलटल्यावर मुलगी डिस्युरिया ऐकते तेव्हा मधे दुस् वगैरे काही येत नाही, अर्थ थेट येतो. सायकल शिकताना मागून कुणीतरी धरतं, ते मग सोडून देतं. रुग्णाचे शब्द मात्र आधार म्हणून लिहिलेले नसतात. ते कामाचेच शब्द आहेत, जन्मभर लागणारे.

दुसरा आक्षेप उघड कुणी फारसं बोलत नाही, पण तो खोलीत बसलेला असतो. बेळगावात भाषेचा प्रश्न काढला की १९५६ आठवतं. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन. फलकावर कोणती भाषा वर आणि कोणती खाली यावरून काय काय झालं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. अशा गावात शासनमान्य कॉलेजच्या कार्डावर मराठी छापायची म्हटलं की एका बाजूच्या कपाळाला आठी पडते, आणि कानडीही छापायची म्हटलं की दुसऱ्या बाजूच्या. मी मराठी आहे, मराठी शाळेत शिकले, माझ्या मुलांनाही मराठी शाळेत घातलं. माझ्या भाषेच्या हक्काबद्दल मी कुणापुढे मान खाली घालणार नाही. पण चंदगडचा रुग्ण कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ म्हणून इथं येतो, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर सौंदत्तीची बाई असते. दोघांनाही रात्री दोन वाजता कुणीतरी विचारणार आहे, कुठं दुखतंय. त्या विचारणाऱ्या मुलीला दोन्ही भाषा यायला हव्यात. खानापूरची मराठी मुलगी नोकरीला रामदुर्गला गेली तर तिला कानडीवाचून निभावणार नाही, आणि हिरेबागेवाडीची कानडी मुलगी खानापुरात आली तर मराठीवाचून. मराठी मुलींनी कानडी शब्द टाळावेत असं सुचवणारे आमच्यातही आहेत. त्यांना मी सांगते, वॉर्डात एक रात्र काढा.

तिसरा आक्षेप मात्र मला आमच्याच मराठीप्रेमी मंडळींवर घ्यावासा वाटतो. मराठीत वैद्यक आणायचं म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे जडजंबाल संस्कृत शब्दांची यादी येते. परिभाषा कोशांचं मोल मी जाणते. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला ते हवेतच. पण असा घडवलेला शब्द आज्जीला डिस्युरियाइतकाच परका असतो. दुसरीकडे मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. त्यांत बऱ्याच इंग्रजी संज्ञा तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या खटाटोपामागचा हेतू मला चांगला वाटतो, आणि संज्ञा तशाच ठेवण्याचा निर्णयही व्यवहार्य वाटतो. पण लिपी बदलल्याने अर्थ आत शिरत नाही. घडवलेला शब्द आणि लिप्यंतर या दोन्हींच्या मधे एक मोठं गाव वसलेलं आहे, धाप, कळ, ठणका, चमक, उसण, कणकण, मुंग्या, कसकस यांचं. चमक भरणं आणि ठणका लागणं यांत जो फरक आहे तो मराठी बाईला जन्मतः कळतो, आणि तो फरक निदानाच्या उपयोगाचा आहे. हे शब्द गावठी म्हणून आम्हीच वर्गाबाहेर ठेवले.

जी नावं आज वैद्यकात पक्की वाटतात तीसुद्धा कधीतरी माणसांनी बसूनच ठरवली. शरीररचनेची सुमारे ५०,००० नावं एकेकाळी चलनात होती, एकेका अवयवाला अनेक. १८९५ साली बाझल इथं शरीरशास्त्रज्ञांनी ती छाटून साडेपाच हजारांच्या आसपास आणली. युरोपभरच्या लोकांना ते जमलं. आपल्याला तर एका जिल्ह्यापुरती, पहिल्या वर्षाला लागणारी तीनशे कार्डं करायची आहेत.

माझी मागणी तेवढीच आहे, पण ती स्पष्ट आहे. बेळगावात शासकीय आणि खासगी मिळून वैद्यकीय शिक्षणाच्या संस्था भरपूर आहेत. त्यांतल्या शिक्षकांनी, मराठी आणि कानडी दोन्ही, एकत्र बसून तीनशे संज्ञांचा एक संच करावा. इंग्रजी संज्ञा, तिचे तुकडे, रुग्णाचे मराठी शब्द, रुग्णाचे कानडी शब्द. शब्द गोळा करायला आशा ताईंना बोलवावं, कारण गावाची भाषा त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही, आणि त्या वेळेचं मानधनही द्यावं. उर्दू बोलणारी वस्तीही आपल्याकडे मोठी आहे, पुढच्या फेरीत ती ओळ वाढवावी. डॉक्टरांनी प्रत्येक कार्ड तपासून सही करावी. संच फुकट असावा. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला जागा दिलेलीच आहे. ती जागा इथं या कार्डांनी भरता येईल. आणि कॉलेजच्या अंतर्गत तोंडी परीक्षेत दहा गुण रुग्णाच्या भाषेचे असावेत. परीक्षक म्हणेल, "सिस्टर, मला मुंग्या येतात हो," आणि मुलीने पॅरेस्थेशिया म्हणायचं, शिवाय पुढचे तीन प्रश्न विचारायचे. गुण नसले की काहीच होत नाही, हे शिक्षकाने नाही सांगायचं तर कुणी?

कार्डांच्या मर्यादाही मला दिसतात. हृदय निकामी होताना पायावर सूज का येते, हे कार्डावर मावत नाही. ते समजून घ्यावं लागतं, चित्र काढून, प्रश्न विचारून. एका कार्डावर एकच गोष्ट, हा नियम मोडला की कार्ड पुस्तकाचं पान होतं. आणि पाठ झालेलं कार्ड म्हणजे रुग्णाशी बोलता येणं नव्हे. त्याच्या खाटेशी बसून, घाई न करता ऐकावं लागतं. पण ऐकलेलं ओळखू येण्यासाठी शब्द आधी डोक्यात, आणि एकमेकांशेजारी असावे लागतात.

मागच्या वर्षी अथणीकडच्या एका मुलीने स्वतः केलेलं कार्ड मला दाखवलं. पुढे हेमॅचुरिया. मागे हैमा म्हणजे रक्त, मग मराठी, "लघवी लाल होतेय". कानडी तिने तिच्या आजीला विचारून लिहिलं होतं. आणि खाली तिने बारीक अक्षरात स्वतःहून एक ओळ जोडली होती: "बीट खाल्लंय का, आधी विचार." ती ओळ मी शिकवली नव्हती. आता ती माझ्या खोक्यातल्या कार्डावरही आहे.

यंदाची लग्नसराई नुकतीच संपली. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, पत्रिका टाकू नका म्हणून. सव्वाशेच्या वर जमल्या आहेत, काही मराठीत, काही कानडीत, दोन-तीन दोन्हींत. नवी तुकडी येईल तेव्हा पहिल्या तासाला कात्री घेऊन बसणार आहोत.